विसावा आणि जू : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका कल्पनेचा शब्दार्थविचार

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाच्या अखेरीस, अठ्ठाविसाव्या ते तिसाव्या वचनांत, येशूच्या तोंडी आलेले आवाहन ख्रिस्ती उपासनेत, अंत्यविधीच्या प्रवचनांत आणि भजनांत वारंवार भेटते. श्रमून थकलेल्या आणि ओझ्याखाली वाकलेल्या सर्वांना तो आपल्याकडे बोलावतो व त्यांना विश्रांतीचे अभिवचन देतो. सामान्यतः उपदेशकाचे आणि श्रोत्याचेही लक्ष येथवर येऊन थांबते. मूळ वचन मात्र येथे थांबत नाही. लगेच पुढच्या वाक्यात आपले जू मानेवर घ्यावे, असे तो याच थकलेल्या माणसांना सांगतो. आणि विश्रांतीचा उल्लेख पुन्हा एकदा होतो तो हे जू स्वीकारल्याचे फळ म्हणून. ओझे उतरावे म्हणून आलेल्याला दुसरे ओझे दाखविले जाते आणि त्यालाच विश्रांती म्हटले जाते. ख्रिस्ती श्रद्धेतील आत्मिक विश्रांतीचा कोणताही विचार या विसंगतीला सामोरा गेल्यावाचून पुरा होत नाही. मराठीत ही कल्पना कोणत्या शब्दांनी उतरली, त्या शब्दांनी तिचे काय केले आणि मराठी ख्रिस्ती लेखकांनी तिचा कोणता अर्धा भाग उचलला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम मूळ ग्रीक शब्दांकडे पाहणे आवश्यक आहे. ज्यांना उद्देशून आवाहन केले आहे, त्यांना ‘कोपिओन्तेस’ आणि ‘पेफोर्तिस्मेनोइ’ अशी दोन विशेषणे लावलेली आहेत. पहिल्याचा अर्थ अंग मोडेपर्यंत काम करणारे. त्याच्या मुळाशी मार खाऊन आलेल्या थकव्याची छटा आहे. दुसरा शब्द कर्मणी असून त्याचा अर्थ ज्यांच्यावर दुसऱ्याने ओझे लादले आहे असे, असा होतो. हे ओझे कोणते, याचा खुलासा त्याच ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात सापडतो. तेथे शास्त्री व परूशी लोकांच्या खांद्यांवर जड ओझी बांधून देतात, अशी टीका आहे. म्हणजे मत्तयाच्या मनातील ओझे पुष्कळ अंशी विधिनिषेधांचे आहे. ‘नियमशास्त्राचे जू’ हा यहुदी गुरुपरंपरेतील रूढ शब्दप्रयोग होता आणि तो तेथे गौरवाने वापरला जात असे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बेन सीराच्या ग्रंथातही प्रज्ञेच्या जुवाखाली मान देऊन थोड्या श्रमात पुष्कळ विश्रांती मिळाल्याची भाषा आहे. येशूची उक्ती या परिचित परिभाषेत बोलते आणि तीत ‘माझे’ हा एकच शब्द नवा घालते.

अभिवचनातील क्रियापद ‘अनापाउओ’ हे आहे आणि नाम ‘अनापाउसिस’. एकोणतिसाव्या वचनातील शब्दयोजना यिर्मयाच्या सहाव्या अध्यायातून आलेली आहे. तेथे प्राचीन ग्रीक भाषांतराने शुद्धीचा अर्थ देणारा शब्द घातला होता. मत्तय त्याला न अनुसरता हिब्रू ‘मर्गोअ’ या शब्दाच्या अर्थाकडे, म्हणजे विश्रांतीकडे, वळतो. ‘अनापाउसिस’ हा कायमच्या निवृत्तीचा शब्द नव्हे. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांवरील व्यवहारपत्रांचा अभ्यास करणाऱ्या कोशकारांनी या शब्दाचा गाभा पुढील श्रमांसाठी मिळालेली उसंत असा दिला आहे. याहून लक्षणीय असा त्याचा उपयोग शेतीच्या करारांत आढळतो. तेथे हे क्रियापद जमिनीला विश्रांती देण्यासाठी येते, आणि ती विश्रांती जमीन पड टाकून दिली जात नाही. तिच्यात हलके पीक घेऊन दिली जाते. मराठी शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे तो म्हणतो तेव्हा रान रिकामे राहिल्याने सुधारले असे त्याला म्हणावयाचे नसते. रान वेगळे पीक देत होते आणि तेवढ्याने त्याचा कस परत आला, एवढेच त्याला सांगावयाचे असते. विश्रांती आणि जू एका वाक्यात का नांदतात, या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्रज्ञांच्या पुष्कळ पानांपेक्षा या एका करारातील क्रियापदाने अधिक सरळपणे दिले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

लॅटिन भाषांतरकार जेरोमला ही अडचण जाणवली असावी. मुळात एकाच धातूचे शब्द असताना त्याने पहिल्या ठिकाणी ‘पुन्हा ताजे करीन’ अशा अर्थाचे क्रियापद वापरले आणि दुसऱ्या ठिकाणी विश्रांतीचे नाम. ल्यूथरच्या जर्मन भाषांतरातही पहिल्या ठिकाणी टवटवी आणण्याचाच अर्थ आहे. युरोपीय भाषांना येथे दोन शब्दांचा आधार घ्यावा लागला. मराठीला एक पुरला.

तो शब्द म्हणजे ‘विसावा’. श्रीरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार प्रसिद्ध झाल्यापासून भाषांतरे अनेकदा सुधारली गेली. त्यांतून स्थिर झालेल्या आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या कानांत बसलेल्या पवित्रशास्त्राच्या पाठात या दोन्ही ठिकाणी ‘विसावा’ आहे. ‘विश्राम’ या संस्कृत शब्दाचे प्राकृतात ‘वीसाम’ झाले आणि ग्रामचा गाव, नामचा नाव व्हावा त्याच नियमाने मकाराचा सानुनासिक वकार होऊन ‘विसांवा’ सिद्ध झाला. ज्ञानेश्वरीत ‘विसंवणे’ हे क्रियापद भेटते. ‘विश्राम’, ‘विश्रांती’ आणि ‘विसावा’ यांचे कूळ असे एकच आहे आणि तिघांच्याही पोटात ‘श्रम’ आहे. तथापि त्यांचे संसार निराळे झाले. विश्रांती घरी, अंथरुणावर, काम संपल्यावर घेतली जाते. विसावा वाटेवरचा असतो. हमाल डोक्यावरचे ओझे पाराच्या कट्ट्यावर टेकवितो, तो विसावा. वारीत पालखी मुक्कामाच्या आधी ज्या ठिकाणी घटकाभर थांबते, तो विसावा. मुक्काम आणि विसावा यांची गल्लत कोणताही वारकरी करणार नाही. अंत्ययात्रेत तिरडी वाटेत जेथे खाली टेकवून खांदेकरी जागा बदलतात, त्या जागेलाही गावोगाव विसावाच म्हणतात. या सर्व उपयोगांत तीन गोष्टी समान आहेत. ओझे खरे असते, वाट उरलेली असते आणि थोड्या वेळाने ओझे पुन्हा उचलावयाचे असते.

ग्रीक शब्दातील उसंतीची छटा इतक्या अचूकपणे मराठीत उतरली हे भाषांतरकारांचे कौशल्य, की बोलीने त्यांना सहज दिलेले दान, याचा निर्णय करणे कठीण आहे. दुसरी शक्यता अधिक वाटते, कारण इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायातही पवित्रशास्त्र ‘विसावा’च योजते. तेथे मूळ शब्द ‘कातापाउसिस’ आहे. निर्मितीचे काम संपवून देव सातव्या दिवशी थांबला त्या थांबण्याचा, वाट संपल्यानंतरच्या निवांतपणाचा, तो शब्द आहे. तेथे ‘विसावा’ उणा पडतो. मुक्काम आल्यावर कोणी विसावा घेत नाही. दोन निरनिराळ्या ग्रीक शब्दांना एकच मराठी शब्द दिल्यामुळे ख्रिस्ती वाचकाच्या मनात वाटेवरची उसंत आणि अंतिम निवांतपणा एकमेकांत मिसळले आणि मृत्यूनंतरच्या शांतीची छाया मत्तयाच्या वचनावर पडली. अंत्यविधीच्या प्रवचनात हे वचन इतके रुळले त्याचे एक कारण येथे आहे.

याहून गंभीर गोष्ट त्याच वचनातील दुसऱ्या एका शब्दाने केली. ‘कोपिओन्तेस’ या शब्दासाठी पवित्रशास्त्रात ‘कष्टी’ हा शब्द आला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यात खोट काढता येणार नाही. कष्ट करणारा तो कष्टी. परंतु शब्दाचा अर्थ व्युत्पत्ती ठरवीत नाही, रूढी ठरविते. मराठीत कष्ट करणारा ‘कष्टाळू’ किंवा ‘कष्टकरी’ होतो; ‘कष्टी’ म्हणजे मनातून दुःखी, उदास. एका प्रत्ययाच्या फरकाने आवाहनाचा श्रोताच बदलला. अंग मोडून काम करणाऱ्याच्या जागी खिन्न माणूस येऊन बसला. त्याच्या शेजारी ‘भाराक्रांत’ हा भारदस्त तत्सम शब्द असल्यामुळे तोही लक्षणेनेच घेतला गेला, आणि ओझे म्हणजे मनावरचे ओझे असा अर्थ पक्का झाला. शब्द निवडताना भाषांतरकारांच्या कानांत श्रमाचा अर्थ असणे अगदी शक्य आहे. दोष द्यावयाचा तर तो पुढच्या पिढ्यांच्या उपदेशकांना द्यावा लागेल. शब्दाचा अर्थ सरकला तरी त्यांनी शब्दाकडे वळून पाहिले नाही.

हा बदल कोणाच्या बाबतीत घडला, हे पाहिल्यास त्याचे गांभीर्य कळते. अहमदनगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. त्या प्रदेशातील ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. महाराच्या वतनी कामांत सरकारी अधिकाऱ्याचे सामान एका गावाहून दुसऱ्या गावी वाहून नेणे हे एक काम होते. हा वतनसंबंध १९५८ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने रद्द होईपर्यंत टिकला. या माणसांना ‘ओझे’ हा शब्द लक्षणेने समजावून घेण्याचे काहीच कारण नव्हते. ज्यांच्यावर दुसऱ्याने ओझे लादले आहे असे, हा मूळ कर्मणी शब्द जणू त्यांच्याच वर्णनासाठी घडविला असावा. ओझे हलके आहे, या शब्दांतील ‘हलके’ हे विशेषणही त्यांच्या कानाला दुहेरी ऐकू आले असल्यास नवल नाही, कारण गाव त्यांनाही तेच विशेषण लावीत असे. पण मराठी ख्रिस्ती वाङ्मय लिहिणाऱ्यांत जे नामांकित झाले ते बहुतांशी वरिष्ठ जातींतून आलेले होते, आणि त्यांचे ओझे निराळे होते.

‘जू’ या शब्दाची कथा वेगळी आहे. ग्रीक ‘झुगॉस’, संस्कृत ‘युग’, मराठी ‘जू’ आणि आपल्या तत्त्वज्ञानातील ‘योग’ हे सारे एकाच धातूचे वंशज होत. येथे भाषांतराला हजारो वर्षांच्या जुन्या नात्याची साथ मिळाली आहे. परंतु जुवाविषयीची मराठी भावना या वचनाला अनुकूल नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जुवाखाली रापलेले खांदे ऊन पाण्याने धुऊन त्यांना हळद व तूप किंवा लोणी चोळतात आणि दुसऱ्या दिवशी बैलाला जुंपीत नाहीत. बैलाचा विसावा म्हणजे खांद्यावरून जू उतरणे, हे या समाजाच्या सणावारांतच गोवलेले आहे. त्या श्रोत्याला जू घेतल्याने विसावा मिळतो असे सांगावयाचे, तर त्या जुवाचे विशेषण फार नेमके असावे लागेल. ग्रीकमध्ये ते ‘ख्रेस्तॉस’ आहे. वस्तूच्या बाबतीत त्याचा अर्थ उपयोगाला चांगले उतरणारे, आणि व्यक्तीच्या बाबतीत दयाळू. पवित्रशास्त्राने ‘सोयीचे’ म्हटले. मानेला न काचणारे, बैलाच्या खांद्याला नीट बसणारे, असा अर्थ त्यातून एके काळी निघत असेल. पण आज सोयीचे म्हणजे ज्यात आपली गैरसोय होत नाही ते. सोयीच्या धर्माची कल्पना या वचनात शिरली तर ती या शब्दाच्या दारातून शिरली, असे म्हणावे लागते.

भक्तिसंप्रदायाशी असलेले या कल्पनेचे नातेही याच ठिकाणी तपासले पाहिजे. विठ्ठलाला विसावा म्हणणे, पंढरीला माहेर म्हणणे आणि देवावर भार टाकून निश्चिंत होणे ही संतवाणीची स्वाभाविक भाषा आहे. ‘देवावर भार टाकणे’ हा तर बोलीतील वाक्प्रचारच होऊन बसला आहे. त्यात भार भक्ताकडून देवाकडे जातो. मत्तयाच्या वचनात तो देवाकडून भक्ताकडेही येतो. भेद एवढा आहे, आणि तो आहे त्याहून मोठा करू नये. ख्रिस्ती शास्त्रातही पंचावन्नावे स्तोत्र आणि पेत्राचे पहिले पत्र सगळी चिंता देवावर टाकावयास सांगतातच. आणि माहेराहून सासरी परतावे लागते, हे माहेराचे रूपक वापरणाऱ्या संतांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? फादर स्टीफन्सने १६१६ साली प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटले आणि आपल्या श्रोत्यांचे धार्मिक शब्द निःशंकपणे उचलले. शब्द उचलले की त्यांच्याबरोबर त्यांचा भावही येतो, याची पूर्ण कल्पना त्याला असावी. तीन शतकांनंतर नारायण वामन टिळकांच्या बाबतीत हेच अधिक खोलवर घडले.

टिळकांनी (१८६१–१९१९) १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो, गुरू होतो, सखा होतो; आणि भक्ताला जो विसावा मिळतो तो आईच्या मांडीवर लेकराला मिळणारा विसावा असतो. या रचनांची गोडी निर्विवाद आहे. मराठी ख्रिस्ती उपासनेला परकेपणाच्या जाचातून सोडविण्याचे श्रेय प्रथम त्यांच्याकडे जाते. तथापि टीकेच्या दृष्टीने हेही नोंदविणे भाग आहे, की आईच्या मांडीवर जू नसते. वात्सल्याच्या रूपकाने आवाहनाचा पहिला भाग जितका उजळला तितकाच दुसरा भाग मागे राहिला. अभंग संपल्यावर स्मरणात उरते ती कुशी, जू उरत नाही. टिळकांना हा प्रश्न अपरिचित होता असे नाही. ‘वनवासी फूल’ या दीर्घ कवितेत त्यांनी एकांतातील निवृत्ती आणि समाजातील सेवा यांचाच वाद मांडला आहे. पण तेथील युक्तिवाद वैचारिक पातळीवर राहतो आणि भजनांतील विसाव्याला जाऊन भिडत नाही. या दोन टिळकांची गाठ पडते ती कवितेबाहेर. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. पगाराचा आधार उतारवयात सोडून देणाऱ्या माणसाने विसावा या शब्दाचा जो अर्थ केला, तो त्याच्या अभंगांत शोधणाऱ्याच्या हाती अर्धाच लागेल.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) या दृष्टीने अधिक समतोल वाटतात, आणि त्याचे कारण त्यांची गद्य वृत्ती. विधिनिषेधांचे ओझे म्हणजे काय, हे मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायावरील भाष्यांतून कळावयाचे नाही इतके स्पष्टपणे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वर्णनातून कळते. तेथे सोवळे हा सिद्धांत नाही. पाणी भरणे, धुणे, पुन्हा धुणे अशा कामांची ती रास आहे, आणि ती वाहण्याचे काम घरातल्या बायकांचे आहे. श्रम आणि ओझे हे दोन्ही ग्रीक शब्द त्या प्रकरणांत शब्दशः खरे ठरतात, आणि बाईंच्या विनोदामुळे त्यांतील जाच लपत नाही, उलट नेमका दिसतो. बाप्तिस्म्याच्या आधी, जातिभेद माणसांनी केलेला आहे असा निर्णय त्यांच्या मनाशी झाला, तो प्रसंगही त्या कोणत्याही गहिवरावाचून सांगतात. १९०० साली बाप्तिस्मा घेतल्यानंतरच्या प्रकरणांत शांतीचा उद्घोष आढळत नाही. मिळकत तुटपुंजी आहे, घरात पोरकी मुले आहेत, पती उदार आहे आणि त्याच्या उदारपणाचा हिशेब पत्नीला जमवावा लागतो आहे. ओझे बदलले आहे, एवढेच त्या दाखवितात. तेही दाखवीत आहोत असे न भासविता.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत आवाहनाचे दोन्ही भाग कालक्रमानेच निराळे पडलेले दिसतात. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा निर्वाळा त्यांनी स्वतःच १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत दिला आहे; अंतःकरणाची खरी स्वस्थता त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आली. बुद्धीला पटलेला धर्म आणि जिवाला मिळालेला विसावा यांत त्यांनी केलेला हा भेद मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनांत असाधारण आहे, कारण धर्मांतराच्या क्षणालाच शांतीचा क्षण मानण्याचा त्या वाङ्मयाचा संकेत त्यांनी मोडला. पुढील इतिहास सर्वज्ञात आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली व विधवा आणल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळाने ते आणखी भरले. विसावा सापडल्यानंतरची वर्षे ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अधिक ओझ्याची वर्षे आहेत. त्यांच्या चरित्रकारांना यात विरोधाभास वाटला आहे. त्या शेतीच्या करारातील क्रियापद ठाऊक असलेल्याला तो वाटू नये.

त्याच वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर करावयास घेतले. प्रचलित पाठातील संस्कृतप्रचुर, हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द टाळावे आणि फारसे न शिकलेल्या स्त्रीला वाचता येईल अशी मराठी योजावी, हा त्यांचा आग्रह होता. या आग्रहापायी त्यांची भाषा पुष्कळदा रुक्ष झाली, आणि त्यांचा पाठ मंडळ्यांत रुजला नाही हेही खरे. पण संस्कृताच्या इतक्या मोठ्या पंडितेने ‘भाराक्रांत’सारख्या शब्दांच्या संपूर्ण वर्गाकडेच पाठ फिरवावी, यात शैलीपेक्षा अधिक काही आहे. ओझे वाहणारीला ओझ्याचा शब्द कळला पाहिजे, ही त्यामागची भूमिका आहे. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम त्या सदनातल्या स्त्रियांनीच केले. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला तेव्हा भाषांतर नुकतेच हातावेगळे झाले होते, आणि छापलेला ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.